दीड महिन्याची तयारी

"हे सगळं पाठ करायला किती दिवस लागले?"

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं. मुरबाडच्या एमआयडीसीतला रसायनांचा कारखाना. टेबलाच्या पलीकडे तिघं, अलीकडे मी. खुर्चीच्या टोकावर. प्रयोगशाळेतल्या एका चाचणीबद्दलचं उत्तर मी नुकतंच न अडखळता दिलं होतं. मला वाटलं, कौतुकच करतायत.

"दीड महिना, सर."

खरं होतं ते. तिघंही हसले.

"दीड महिना! आमच्या पुतण्याला गाडीत बसल्यावर सांगितलं, मुलाखतीला चाललोय म्हणून. तोसुद्धा लागला."

मग त्यांनी माझा अर्ज जवळ ओढला. "किन्हवलीकडचं गाव. घर कुठं आलं?"

"शाळेजवळ."

"शाळेच्या अलीकडे की पलीकडे? माझी सासुरवाडी त्याच बाजूची आहे."

पलीकडे फक्त आमची वस्ती आहे. त्यांना ते माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मला कळतंय, हेही त्यांना माहीत होतं. तरी वाट बघत राहिले.

"पलीकडे," मी म्हटलं.

"मग तसं सांग की सरळ." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तरीच. तुम्हा लोकांना पाठांतरच करावं लागतं."

मी उठले. "थँक यू, सर," म्हणाले. तेही पाठ केलेलंच होतं.

मुरबाडच्या स्टँडवर बराच वेळ बसले. आईनं डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी दिली होती. डबा उघडला नाही. मुलाखतीला आलेली बाकीची मुलं आपापल्या वडिलांशी फोनवर बोलत होती. काय विचारलं, काय सांगितलं. मी कुणाला फोन करणार? आमच्या घरात मुलाखत ही गोष्ट माझ्याआधी कुणी पाहिलेलीच नव्हती. आईला लावणीच्या कामावर घेताना फक्त एवढंच विचारतात, उद्या येतेस का.

तयारी कशी करायची हे मी आत्याच्या मुलाला, दादाला, विचारलं होतं. तो कल्याणला नोकरी करतो. मनापासून सांगायचा. खुर्चीच्या टोकावर बस, आदर दिसतो. 'नाय' म्हणू नको, 'नाही' म्हण. आणि घर कुठं विचारलं तर विहाराजवळ सांगू नको. शाळेजवळ सांग. खोटं कुठंय त्यात?

दीड महिन्यातले थोडे दिवस रसायनशास्त्राला गेले. ते मला येत होतं. शहापूरच्या कॉलेजात सरांनी हाताला धरून शिकवलं होतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बाकीचे सगळे दिवस गेले ते मी कुठली आहे हे दिसू नये, यासाठी.

आणि हा सराव मी केला कुठं? विहारात. संध्याकाळची वंदना झाली की बाया थांबायच्या. शेजारची कमळमावशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून साहेब व्हायची.

"नाव सांग गो."

"मावशी, तुला माहीत नाय काय?"

"मी मावशी नाय आता. साहेब हाय. नीट बोल, नायतर घरी धाडीन."

बाया पदरात तोंड घालून हसायच्या. मावशी विचारायची, "तुजी ती केमिस्ट्री काय करते? आमटी खारट झाली तर सांगते का?" मी हसत हसत उत्तर द्यायची आणि ती मान हलवायची, जणू सगळं कळलं.

एका संध्याकाळी तिनं विचारलं, "घर कुठं?"

"शाळेजवळ."

हसणं थांबलं. मावशी ज्या भिंतीला खुर्ची टेकून बसली होती, त्या भिंतीची रेती तिनं आणि माझ्या आईनं डोक्यावरून वाहिली होती. समोर दोन तसबिरी.

"बरं," मावशी म्हणाली. आणि पुढचा प्रश्न विचारला.

ते 'बरं' मला मुरबाडच्या स्टँडवर ऐकू आलं. साहेबांच्या हसण्यापेक्षा मोठ्यानं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कसं झालं बाय?" मी म्हटलं, चांगलं झालं. वस्तीनं चहा केला. एवढ्या माणसांत बसून मी इतकी एकटी कधी नव्हते.

आठवड्यानं कारखान्यातून फोन आला. गुण चांगले आहेत, दुसऱ्या फेरीला या. दादा म्हणाला, आता जपून. मावशी म्हणाली, "खुर्चीवर पुरी बस गो. टोकावर बसलीस तर ढकलायला सोपी."

या वेळी सराव केला नाही.

तेच साहेब होते. शेजारी कारखान्याचे मॅनेजर.

"या. आता किती दिवस पाठ केलं?"

मी पाठ टेकून बसले. हात मांडीवर ठेवले.

"पाठ केलेलं नाय सर, शिकलेय. माझं घर वस्तीत आहे. विहाराच्या भिंतीला लागून. मागच्या वेळी शाळेजवळ म्हटलं, ते तेवढं पाठ केलेलं होतं. आता प्रयोगशाळेतलं काय विचारायचं ते विचारा."

साहेब मॅनेजरकडे वळून म्हणाले, "ॲटिट्यूड बघा."

मॅनेजरनी दोन प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं दिली. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

त्या नोकरीची गरज होती. आजही आहे. आई अजून दुसऱ्यांच्या शेतात वाकते. दादा म्हणतो, दोन वाक्यांत घालवलंस. असेल. तो आता फोन करत नाही. वस्तीत कुणी बोलून दाखवत नाही, पण चहाही होत नाही.

पुढच्या आठवड्यात शहापूरला मुलाखत आहे. विषयाला लागेल तेवढा वेळ देईन, आख्खा आठवडा लागला तर आख्खा आठवडा. कुणी हसलं तरी तो वेळ लपवणार नाही. पण मी कुठली आहे हे झाकायला आता माझ्याकडे वेळ नाय.

काल मावशीला विहारात बोलावलं. खुर्ची पुढे ओढून दिली. म्हटलं, बस, साहेब हो. आणि घर कुठं, ते आधी विचार. मोठ्यानं विचार.