आर्लिसचं भांडं आणि तीन वर्षांचं व्याज

सरळव्याज शिकवण्यात व्हर्लिन ऑस्टबी मास्तरांची हयात गेली आणि ते ऐकता ऐकता मिनेसोटातल्या त्या गावाच्या दोन पिढ्यांची झोप पुरी झाली. "माझ्या तासाला फळासुद्धा जांभया देतो," असं मास्तर स्वतःच चारचौघांत सांगायचे.

यंदा त्यांनी बँकेची उदाहरणं सोडली आणि स्वयंपाकघर गाठलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, आत लेमन बार नावाच्या लिंबाच्या वड्या किंवा असंच काहीतरी भाजून घालायचं, हा रिवाज गावात पोराटोरांनाही पाठ. कपाटात हाताला लागलं ते काचेचं भांडं मास्तरांनी वर्गात उंच धरलं.

"भांडं म्हणजे मुद्दल. परत करताना आत घातलेले लेमन बार म्हणजे व्याज. आणि मुद्दल कुणाचं, ते बुडाला चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं!"

मोठ्या ऐटीत त्यांनी भांडं उलटं केलं. पट्टीवर नाव होतं, आर्लिस निगार्ड.

"अय्या सर, हे तर माझ्या आजीचं!" पहिल्या बाकावरची ब्रिटा ओरडली.

मास्तरांना घाम फुटला. बायको गेली त्या आठवड्यात शेजारच्या आर्लिसनं याच भांड्यातून बटाटा-खिम्याचं हॉटडिश आणून दिलं होतं. खाऊन झालं, भांडं घासून लख्ख झालं आणि तिथंच घोडं अडलं. रिकामं न्यायची सोय नाही आणि भाजायची अक्कल नाही. पुढच्या रविवारी बघू म्हणता म्हणता तीन वर्षं उलटली.

"मुदत तीन वर्षं," मागच्या बाकावरून कोडी म्हणाला. "दर, वर्षाला एक भांडंभर बार. म्हणजे तीन भांडी व्याज, सर. दंड वेगळा!"

वर्ग खदखदून हसला. मास्तरांच्या हयातीत पहिल्यांदाच सगळा वर्ग जागा होता आणि उत्तरही बरोबर होतं.

तास सुटल्यावर ब्रिटा रेंगाळली. "सर, आजीला वाटतं तुम्ही तिच्यावर रागावलात. भांड्याच्या निमित्तानंसुद्धा आला नाहीत."

मास्तर नेमकं उलटं धरून बसले होते. त्यांना वाटत होतं, फुगलीय ती आर्लिस. कुंपणापलीकडून कॉफीला हाक मारायची, ती तिनंच बंद केली. त्या हाकेवाचून संध्याकाळ खायला उठायची, पण मास्तर मूग गिळून खिडकीत बसायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

शनिवारी त्यांनी ओव्हन पेटवला. पहिला घाणा कोळसा झाला, दुसरा चमच्यानं वाढावा लागला असता. तिसरा निदान सुरीनं कापता आला. तो भांड्यात घालून त्यांनी आर्लिसचं दार वाजवलं.

"मुद्दल आणलंय," ते पुटपुटले. "व्याजाचा पहिला हप्ता आत आहे. उरलेला..."

आर्लिसनं एक बार तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली. मास्तरांचा जीव टांगणीला.

"व्हर्लिन, यासाठी तीन वर्षं आला नाहीस?"

"भाजता येत नव्हतं."

"अजूनही येत नाही." तिनं डोळे पुसले. हसू आलं होतं की रडू, मास्तरांना कळेना. मग आत जाऊन ती कॉफीचे दोन पेले घेऊन आली. निघताना तेच भांडं हॉटडिशनं भरून तिनं त्यांच्या हातात दिलं.

"गुरुवारी परत आण. रिकामं आण. तुला व्याज माफ."