साहेब येणार म्हणून सडा

ये, अशी जवळ बस. तोंड माझ्याकडे अन् पाय दाराकडे, अशानं गोष्ट कानात शिरत नसते बाई. अकोल्यात लेकीकडे आले म्हणून तर सापडलीस मला.

तर, अमरावतीजवळ वलगावच्या अलीकडे आमची वस्ती. तिथं शाळेला लागूनच फवारणीच्या औषधाचा कारखाना होता. कपाशीचे चार हंगाम चालला, मग मालक कुलूप लावून गेला तो गेलाच. कुंपण पडलं, पिंपं गंजली, पांढरी भुकटी जमिनीवर सांडली अन् पोरं त्यातूनच शाळेत जाऊ लागली. माझी ही लेक तेव्हा सात वर्षांची, तिच्या पायांना फोड आले. सुट्टीत बरे होत, शाळा सुरू झाली की पुन्हा उठत. शाळा सोडवावी की काय, इथवर आलं होतं.

मग आम्ही मायबाप उठलो. पुढे मी अन् शेजारची शिवणकाम करणारी चाची. तिची नात लेकीच्याच वर्गात. ती पिंपं, ती भुकटी उचला म्हणून अर्ज मी लिहायची. चाची ऐकून म्हणायची, "इसमें गुस्सा कम है, फिर से लिख." अमरावतीच्या कचेरीतला शिपाई तर आम्हाला पाहून म्हणायचा, "आल्या काय बाई? आता इथंच चूल मांडा."

शेवटी पत्र आलं. साहेब सोमवारी जागा पाहायला येणार.

आता आमची अक्कल पाहा. पाहुणा येणार म्हटल्यावर आमचे हात थांबतात का? पहाटे दहा जणींनी ती जागा झाडली, भुकटीवर माती ओढली, वरून शेणाचा दाट सडा टाकला. फाटकापाशी रांगोळीसुद्धा काढली!

साहेब आला, हिंडला. म्हणाला, "बाई, हे तर माझ्या अंगणाहून स्वच्छ आहे. तक्रार कशाची?"

माझे यजमान कपाळावर हात मारून म्हणाले, "झालं! तक्रारच सारवून टाकली तुमी!"

मला रडू फुटायचं बाकी होतं. पण चाची हलली नाही. "साहब, हमारे यहाँ मेहमान भूखा नहीं जाता." साहेब नको नको म्हणत असताना आम्ही त्याला शाळेच्या ओट्यावर बसवलं. कोणी भाकरी आणली, कोणी झुणका, कोणी वांग्याची भाजी. वाढतच गेलो. बारा वाजले. मार्चचं ऊन तापलं, सडा वाळून तडकला अन् खालून औषधाचा असा भपकारा उठला की साहेबानं घास ताटात ठेवून नाकाला रुमाल लावला.

मी म्हटलं, "लिहा आता साहेब. आमची लेकरं रोज इथंच डबा खातात."

त्यानं तिथंच लिहिलं. पुढंही चकरा माराव्या लागल्या, पण पावसाळ्याआधी गाड्या आल्या. पिंपं गेली, हातभर माती खरवडून नेली. लेकीचे फोड गेले ते परत आले नाहीत. त्या वर्षी शाळेच्या शर्यतीत ती दुसरी आली. पहिली चाचीची नात. ते चाची मला अजून ऐकवते!

परवा मी गावी परत जाते. त्या कारखान्याच्या जागेवर आता कडुलिंबाची झाडं आहेत, चांगली सावली धरली त्यांनी. दिवाळीची वाट पाहत बसू नकोस. येत्या रविवारीच ये, चाचीलाही सांगून ठेवते.