बघूसाहेबांनी आकडा टाकला

ड्रॉइंग विभागात त्यांना सगळे बघूसाहेब म्हणत. चहा घेणार का, एवढं विचारलं तरी हा माणूस "बघू, तुम्ही काय घेताय?" म्हणायचा. कॉम्प्युटरवरही तोच खाक्या. एखाद्या मापाला सरळ आकडा देणं त्यांच्या जिवावर यायचं. प्रत्येक माप सूत्राने दुसऱ्या कुठल्या तरी मापाच्या गळ्यात बांधायचं, म्हणजे चुकलं तर सूत्र चुकलं, आपण नाही.

त्या दिवशी पंपाच्या झाकणासाठी जाड बोल्ट आले आणि भोकं मोठी करायची वेळ आली. बघूसाहेबांनी भोकाच्या मापावर क्लिक केलं. चौकट करडी, आकडा काही घेईना. सूत्र उघडून पाहिलं, तर भोकाचा व्यास झाकणाच्या जाडीवरून ठरत होता. जाडी बदलायला गेले, तर ती भोकाच्या व्यासावरून! दोन्ही सूत्रं त्यांच्याच हातची. त्याबद्दलचा लाल इशारा रोज यायचा आणि ते तो माशी हाकलावी तसा घालवायचे. त्यांनी कंस घातले, कंस काढले, फाइल बंद करून उघडली, शेवटी चष्मा पुसला. भोक होतं तेवढंच राहिलं.

तेवढ्यात बायकोचा फोन. मुलीला परगावी नोकरी लागली होती आणि हो की नाही, ते आजच कळवायचं होतं.

"अहो, ती विचारतेय. काय सांगू?"

"तू काय म्हणतेस?"

"मी म्हटलं, बाबा म्हणतील तसं."

"आणि मी म्हणणार होतो, आई म्हणेल तसं. बघू. करतो फोन."

फोन ठेवतात तोच खालच्या वर्कशॉपमधला मिस्त्री येऊन समोरच्या खुर्चीत बसला. "ड्रॉइंग घेऊनच जातो आता. मशीन रिकामं पडलंय."

बघूसाहेब नमुन्याचा बोल्ट हातात घेऊन फिरवत राहिले. हा पठ्ठ्या कुणाला न विचारता जाड होऊन आला होता. मग त्यांनी भोकाचं सूत्र पुसलं आणि बोल्ट आरामात जाईल असा आकडा टाकला. लाल अक्षरं गेली, सगळी भोकं रुंदावली आणि जाडीही मुकाट्याने मागोमाग आली.

प्रिंट निघत असतानाच त्यांनी घरी फोन लावला. पुन्हा धीर होईल याची खात्री नव्हती.

"हे बघ, मला विचारशील तर तिने जाऊ नये. संध्याकाळी दारात तिच्या चपला दिसल्या की मला बरं वाटतं. पण जाऊ दे तिला. हो म्हणून कळव."

बायको हळूच म्हणाली, "अहो, फोन स्पीकरवर आहे."

"कळवते, बाबा," मुलीचा आवाज आला. "पण ते चपलांचं परत एकदा म्हणा ना."

बघूसाहेबांनी मिस्त्रीकडे पाठ फिरवली आणि परत म्हटलं.