भाऊबीजेला झिडकारलेला हात

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या मोठ्या बहिणीचे, सुमनआक्काचे. शिरोळकडच्या आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यासाठी तिनं चौथीत शाळा सोडली आणि लोकांच्या रानात भांगलण केली. कोल्हापुरात डॉक्टरांनी 'ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया' हे आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा मला तिचेच हात आठवले.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेचं हे दुखणं. वारा लागला, नुसतं बोट लागलं, तरी गालात वीज सुटते. "तुमच्या दाढा चांगल्या होत्या," डॉक्टर म्हणाले. त्यातल्या दोन मी आधीच काढून बसलो होतो. तुम्हाला अशी क्षणभराची, विजेसारखी कळ येत असेल तर दाढ काढण्याआधी नसांच्या डॉक्टरांना दाखवा.

निदानाच्या थोडं आधी भाऊबीज होती. आक्का दोन एसट्या बदलून आली. ओवाळून झाल्यावर दरवर्षीसारखे तिनं दोन्ही तळवे माझ्या गालांवरून फिरवले. आता ती आपल्या कानशिलावर बोटं मोडणार, तोच मी ओरडलो आणि तिचा हात झिडकारला. ताट उडालं. निरांजन विझलं. कळ अशी होती की मला तोंड उघडता येईना.

तिनं आपल्या तळव्यांकडं पाहिलं. उसाच्या पाल्यानं चिरलेले होते ते.

"शिकलास, आता आमचं हात टोचाय लागलं व्हय रं?" एवढंच म्हणाली आणि न जेवता गेली.

निदान झाल्यावर फोन करून सगळं सांगितलं. तिला पटलं नाही. "गालाला हात लागून कोण वराडतंय? लाज वाटली म्हण की." त्यानंतर तिनं माझा फोन घेतला नाही.

कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी चार महिने बरे गेले. मग त्याच गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरलं आणि वर्गात शिकवताना फळ्यासमोर माझा तोल गेला. दुसऱ्या गोळ्यांनी कळ थांबेना. मी ताकसुद्धा नळीनं पिऊ लागलो. तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय निघाला.

पहिली मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशन. कानामागं कवटी उघडून नसेवर दाब देणारी रक्तवाहिनी बाजूला करतात आणि मध्ये छोटी गादी ठेवतात. यात गालाची संवेदना बहुधा टिकते. दुसरी रेडिओफ्रीक्वेन्सी. गालातून सुई घालून नसेचा भाग तापवतात. कळ थांबते, पण गाल बधिर होतो आणि काही वर्षांनी दुखणं परतूही शकतं. तिसरी गॅमा नाइफ. चिरफाड न करता किरणं सोडतात, पण गुण यायला आठवडे, महिने लागतात.

मला पहिली हवी होती. पण माझ्या हृदयाची झडप कमजोर निघाली. भूलतज्ज्ञांनी लांबलचक भूल द्यायला नकार दिला. गॅमा नाइफचा गुण येईपर्यंत महिनोन्‌महिने नळीवर काढणं शक्य नव्हतं. राहिली सुई.

"कळ जाईल. त्या बाजूला स्पर्श कदाचित कायमचा समजणार नाही," डॉक्टर म्हणाले. "चालेल?"

मी एक दिवस मागितला आणि आक्काच्या गावी गेलो. गाल जागा आहे तोवर, दुखलं तरी चालेल, तिनं एकदा हात फिरवावा, एवढंच मनात होतं. दाजींनी रानात निरोप पाठवला. दिवस मावळेपर्यंत मी त्यांच्या सोप्यात बसलो. ती आली नाही.

टेबलावर सुई घातल्यावर मला मध्येच जागं करून विचारलं, मुंग्या कुठं येतात? मी उजवा गाल सांगितला. पुन्हा झोपवलं. संध्याकाळी सिस्टरांनी ओला कापूस फिरवला आणि लागतंय का विचारलं. काही लागलं नाही. कळही नव्हती. त्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे आभार मानू तेवढे थोडे. आता मी भाकरी चावून खातो. दाढी करताना कापलं तर रक्त दिसल्यावर समजतं.

गेल्या आठवड्यात आक्काला पत्र पाठवलं. ते असं:

आक्का,

मोठ्या अक्षरात लिहितोय, म्हणजे दुसऱ्याकडून वाचून घ्यायला नको. माझं दुखणं थांबलं. उजवा गाल आता मेल्यागत आहे. त्याच्यावरून मायेनं फिरलेला शेवटचा हात तुझाच, आणि तोच मी झिडकारला. मला लाज वाटली नव्हती गं. आता वाटते.

यंदा भाऊबीजेला ये. निरांजन मी लावून ठेवतो. उजवीकडं हात फिरवशील तेव्हा तेवढं तोंडानं सांग, म्हणजे मला समजेल.

तुझा,
बाळू