झुंबरबाईचं सारवण

श्रीरामपूरच्या वडारवस्तीत झुंबरबाईचं सारवण म्हणजे बोलायचं काम नव्हतं. शेण कुठल्या गाईचं हे ती वासावरून ओळखते, असं लोक म्हणत. लोक काय, काहीही म्हणतात. पण सांडलेलं दूध बोटानं निपटून चाटावं अशी तिची जमीन असे, हे मात्र खरं. घरासारखीच डुकरिणीची खोपीही ती सारवायची.

एकाहत्तर सालच्या थंडीत तिची काळी डुकरीण व्याली. अकरा पिलं झाली, आणि झुंबरबाई ती पुन्हापुन्हा मोजत बसली. आदल्या वर्षीची सगळी पिलं हगवणीनं गेली होती. तेव्हा नणंद भागूबाईनं भावाला, म्हणजे झुंबरबाईच्या नवऱ्याला मच्छिंद्रला, बजावलं होतं की हिच्या हाताला यश नाही, पुढच्या खेपेलाही पिलं गेली तर डुकरीण मी नेणार. मच्छिंद्र दिवसभर पहारीनं दगड फोडायचा, पण बहिणीपुढे त्याचं काही चालत नसे. इकडे काळीला तर झुंबरबाईनं पोटच्या पोरीसारखं वाढवलेलं.

म्हणून यंदा तिनं कंबर कसली. घाणीनं रोग होतो एवढं तिला ठाऊक होतं. मग काय, खोपीत सकाळी सारवण, संध्याकाळी सारवण. पिलं ओल्या जमिनीवर कुडकुडत बसत, ही त्यांना उचलून खालची जागा पुन्हा सारवी. नवव्या दिवशी पिवळी हगवण लागली आणि दोन पिलं दगावली.

पदर खोचून ती थेट गुरांच्या दवाखान्यात गेली. तिथले डॉक्टर नवे होते आणि डुकराचं नाव काढल्यावर नाक मुरडणाऱ्यांतले नव्हते. ते आले, खोपीच्या दाराशी थबकले आणि त्यांनी चक्क चपला काढल्या. तेवढ्या दुःखातही झुंबरबाईला बरं वाटलं. डॉक्टरांनी जमिनीला हात लावून पाहिला, हगवण बाटलीत भरून नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

त्यांनी समजावलं ते असं, की पिलांच्या आतड्यात दोन शत्रू एकदम शिरलेत. एक बारीक परजीवी, तो काचेखाली दिसला. तो विष्ठेतून पडतो आणि ओलीत माजतो. दुसरा विषाणू असावा. तो त्यांच्या काचेला दिसत नव्हता आणि त्यावर औषधही नव्हतं. पहिल्यासाठी त्यांनी गोळ्या दिल्या. दुसऱ्यासाठी ऊब, आईचं दूध आणि गूळमिठाचं पाणी. आणि सारवण बंद.

“म्हंजी मीच मारली व्हय त्यास्नी?” झुंबरबाईनं विचारलं.

“तुम्ही घाण ठेवली नाहीत, बाई,” डॉक्टर म्हणाले. “ओल ठेवलीत.”

ती रडली, मनापासून रडली, आणि मग उठून कामाला लागली. जमीन खरवडली, चुना मारला, वर राख पसरली, पोती अंथरली, कोपऱ्यात शेगडी ठेवली. चमच्याचमच्यानं गूळपाणी पाजलं. हात सवयीनं शेणाकडे जाई, ती मागे घेई. येणाऱ्याजाणाऱ्या बाया त्या भुरकट खोपीला हसल्या. हसोत बापड्या.

पंधरवड्यानं भागूबाई आली ती दोर घेऊनच. खोपीची कळा बघून ती तोंड उघडणार, तोच राखेनं माखलेली नऊ पिलं तिच्या लुगड्याला झोंबली. भागूबाईनं एकेक पिलू उचलून चाचपून पाहिलं. पिलं चांगली ठणठणीत होती. तिनं दोर पदराखाली घेतला आणि, असं केलंस तरी काय, म्हणून भावजयीला विचारलं.

“काय न्हाई केलं, वन्सं,” झुंबरबाई म्हणाली. “जे मला समद्यात चांगलं येत हुतं, त्येच सोडलं.”