काशिनाथच्या बोटीतला ट्रान्झिस्टर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

रेवदंड्याला माझं वायरलेस दुरुस्तीचं दुकान आहे. नारळी पौर्णिमेला बोटी सुटायच्या, त्याआधी सगळ्यांचे सेट एकदमच माझ्या उरावर येऊन बसतात. काशिनाथ तांडेलाचा सेट त्यातलाच. आवाज बाहेर पाठवणाऱ्या भागातला ट्रान्झिस्टर जळाला होता. तसाच नवा मुंबईहून यायला दोन दिवस, आणि काशिनाथ तर दारातच उभा. मी ड्रॉवरमधला दुसरा लावला. तेच तीन पाय, तेवढाच आकार — पण तो गाण्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. त्याच्या जंक्शनचं, म्हणजे आतल्या जोडाचं, कपॅसिटन्स जास्त. वायरलेसच्या फ्रीक्वेन्सीला सिग्नल वाढायच्या ऐवजी त्या जंक्शनमधूनच मागे झिरपतो. दुसऱ्यांचं सगळं ऐकू येतं, आपला आवाज मात्र बंदरापलीकडे जात नाही. हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. मीटरचा काटा जेमतेम हलला, आणि मी मीटरच बाजूला सारला. चालतंय की, म्हटलं.

बोट निघाली तेव्हा मी धक्क्यावर गेलो नाही. एरवी जातो.

चौथ्या दिवशी भर समुद्रात काशिनाथचं इंजिन बंद पडलं, वारा उठला. धाकटा भाऊ दामू आपली बोट घेऊन सहा-सात मैलांवरच होता. काशिनाथ त्याला नाव घेऊन हाका मारत राहिला — आणि सेटवर दामूचा आवाज येत होता, कुणाशी तरी हसत बोलत असलेला. दुसऱ्या दिवशी भलत्याच बोटीने त्यांना ओढून आणलं. सगळे जिवंत होते. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

"त्यानं आयकलं व्हतं. पन आला न्हाय," काशिनाथ एवढंच म्हणाला.

दामू तो सेट घेऊन माझ्याकडे आला, मागे अर्धा कोळीवाडा. मला काहीच ऐकू आलं नाही, सेट तपासा, म्हणाला. मी उद्या या म्हटलं. एव्हाना खरा ट्रान्झिस्टर आला होता — तो लावला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, सेटमध्ये काही दोष नाही. दामू माझ्याकडे बघत राहिला. मी टेबल पुसत राहिलो.

पहिली चूक घाईत झाली म्हणा. ही दुसरी? ही मी शांत डोक्याने केली.

काशिनाथ पुढे आजारपणात गेला. घरच्यांनी दामूला त्याच्या तिरडीला खांदा देऊ दिला नाही.

गेल्या आठवड्यात दामू दुकानात येऊन बसला. मग म्हणाला, "मिस्तरी, तवा मीच माज्या सेटचा आवाज बारीक करून ठेवला असंल."

मी मान डोलावली.