मास्तरांचं शेवटचं अक्षर

मास्तरांचं अक्षर मी रस्त्याच्या पलीकडूनही ओळखलं असतं. मास्तर म्हणजे शेजारच्या हॉलमध्ये शनिवारी चिनी सुलेखन शिकवणारे म्हातारे गृहस्थ. न्यू लिनमधल्या आमच्या फ्रेमिंगच्या दुकानात त्यांचं सगळं काम यायचं. मी पुण्याहून इथे परदेशात शिकायला आले होते आणि फ्रेमा करत राहिले. त्यांच्या पातळ कागदाला मागून ओला कागद चिकटवून तो ताठ कसा करायचा, हे मला त्यांनीच शिकवलं.

त्यांचा कुंचला कोरडा. रेघ संपता संपता शाई विरळ व्हायची आणि मधून कागदाचा पांढरा रंग दिसायचा. हे कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. लहानपणी झिजलेल्या शिलालेखांचे ठसे गिरवले, म्हणाले. वडील भिंतींवर घोषणा रंगवायचे. रंग पुरवून वापरायचा, म्हणून त्यांचा ब्रशही कोरडाच. आणि इथे आल्यावर पश्चिम किनाऱ्यावर काळी वाळू पाहिली, लाट मागे सरल्यावर तिच्यावर राहणाऱ्या रेघा पाहिल्या. वर्गात नवख्यांचे कागद बघून ते एवढंच म्हणायचे, "पाणी जास्त झालं. पुन्हा लिहा."

मग ते आजारी पडले. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांच्या शुश्रूषागृहात, जाण्याआधी त्यांनी एकच मोठं अक्षर लिहिलं. त्याचा अर्थ परतणं. त्यांची मुलगी ते घेऊन दुकानात आली.

"लवकर होईल का? पलंगासमोर लावायचंय. आता त्यांना हात उचलवत नाही."

कागद ओला करण्याआधी कोपऱ्यात ओला कापूस टेकवून शाई तपासायची असते. मी तपासली नाही. त्यांची वीसेक कामं केली होती, एकदाही शाई हलली नव्हती. ती शाई ते स्वतः उगाळायचे, तास तास. या वेळी उगाळायचं बळ नव्हतं, म्हणून बाटलीतली वापरली होती. मला काय ठाऊक? पण विचारायला काय झालं होतं मला? पाणी फवारलं आणि काळं पसरायला लागलं. टिपकागद दाबला, तर आणखीच पसरलं. सगळ्या पांढऱ्या रेघा बुजल्या. टेबलापाशी उभी राहून मी मोठमोठ्याने रडले. त्या अक्षराऐवजी माझा हात गेला असता तरी चाललं असतं, असं खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते तसंच घेऊन हॉस्पिसमध्ये गेले. मुलीला दारातच सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "दाखव तरी. वाट बघताहेत."

मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि मुलीला चिनीत काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे वळली.

"काय म्हणताहेत?"

"विचारताहेत, हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

मास्तरांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

"पाणी जास्त झालं," ते म्हणाले. "पुन्हा लिहा."